एक मोठा माइक की दोन छोटे?

वाचकाचं पत्र:

"वर्षभर फोनवरच गाणी रेकॉर्ड करतेय. आता धड माइक घ्यायचाय, पण बजेट तुटपुंजं आहे. खोलीत माझं गाणं, कधी सोबत मैत्रिणीची गिटार, आणि अधूनमधून आमच्या आठ जणांच्या गायनवृंदाचं हॉलमध्ये स्टिरिओ रेकॉर्डिंग, एवढं सगळं त्यात बसवायचंय. एक जण म्हणतो मोठा कंडेन्सर घे. दुसरा म्हणतो खोली घुमत असेल तर डायनॅमिकशिवाय पर्याय नाही. तिसरा म्हणतो यूएसबीचे दोन माइक घे आणि मोकळी हो. मॅच्ड पेअर (कारखान्यात जुळवलेली जोडी) लागतेच का? की सरळ हातात मावणारा रेकॉर्डर घेऊ? कॉम्प्युटर आणि हेडफोन आहेत, बाकी काहीच नाही.
— कानसेन"

प्रिय कानसेन,

आधी उत्तर सांगून टाकते, कारणं मागून येतीलच. दोन माइक-इनपुट आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) असलेला साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, घ्या. त्याला एकाच मॉडेलचे दोन छोट्या डायफ्रॅमचे (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचे), कार्डिऑइड (समोरून ऐकणारे, पाठीमागून बहिरे) कंडेन्सर (वीज लागणारे, हळू आवाजही टिपणारे माइक), म्हणजे ज्यांना पेन्सिल माइक म्हणतात ते. शिवाय दोन माइक बसतील अशी स्टिरिओ पट्टी, एक दणकट स्टँड, दोन एक्सएलआर (माइकच्या) केबल आणि एक पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातून सुटणारी हवा अडवणारी जाळी. गायचं असेल तेव्हा त्याच दोनांतल्या एकासमोर गा. मोठ्या डायफ्रॅमचा देखणा माइक सध्या राहू द्या.

शेवटचं वाक्य वाचून हिरमोड झाला असेल. गायकाचा माइक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच येतो, हे मान्य. पण त्याचा खरा फायदा एवढाच, की पडदा मोठा असल्याने माइकची स्वतःची खरखर कमी ठेवणं सोपं जातं. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बाजूने येणाऱ्या आवाजाचा वरचा भाग मोठा पडदा बदलून टाकतो, छोटा पडदा तो बराच सारखा राखतो. एकट्या गळ्यासाठी याने फार बिघडत नाही, कारण तुम्ही माइकच्या थेट समोर असता. स्टिरिओत मात्र बिघडतं. पुढे ओआरटीएफ नावाची मांडणी सांगणार आहे, तिच्यात अगदी मधोमध उभा असलेला गायकसुद्धा दोन्ही माइकांच्या समोर नसतो. तो दोघांनाही ५५ अंश कडेला असतो. म्हणजे वृंदातला सगळ्यात महत्त्वाचा आवाज माइकच्या कडेनेच आत शिरणार. तिथे कडेचा आवाज चांगला घेणारा माइकच हवा.

आता डायनॅमिकवाल्यांचं म्हणणं. डायनॅमिक म्हणजे सहसा बाहेरची वीज न लागणारा, कमी संवेदनशील माइक. "डायनॅमिक खोली उचलतच नाही" हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. माइकला गळा कुठला आणि भिंत कुठली हे कळत नाही. आवाज कुठल्या दिशेने आणि किती अंतरावरून येतोय, यावरच सगळं ठरतं. डायनॅमिकला लोक ओठ टेकवून गातात, म्हणून त्यात खोली कमी येते. कंडेन्सर हातभर लांब ठेवतात, म्हणून त्यात जास्त येते. दोन्ही कार्डिऑइड असतील तर एकाच अंतरावर ठेवून, पातळी सारखी करून ऐकून बघा. गूंज जवळपास तेवढीच निघेल. डायनॅमिकची वरची पट्टी थोडी बोथट असते, म्हणून त्यातली गूंज कानाला कमी बोचते, इतकंच.

अंतराचं गणित एकदा डोक्यात बसलं की अर्धी खरेदी आपोआप रद्द होते. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीची गूंज सगळीकडे साधारण सारखीच पसरलेली असते, ती उतरत नाही. म्हणून ४० सेंटिमीटरवरून २० वर आलात तर गुंजेच्या तुलनेत गळा ६ डेसिबल वर येतो, १० वर आलात तर १२. एवढा फरक महागडा माइक घेऊनही पडत नाही. मात्र १० सेंटिमीटरच्या आत कार्डिऑइड माइक खर्ज फारच फुगवतो. त्यामुळे तुमच्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर, आणि इंटरफेसवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये लो कट (अगदी खालचे आवाज कापणारी सोय) चालू. कार्डिऑइडची पाठ बहिरी असते, पण समोरून तो सगळं ऐकतो. त्याच्या समोर कोण? तुम्ही आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड रजई टांगायची ती तुमच्या पाठीमागे. माइकच्या मागे अर्धवर्तुळाकार फोम लावून बरेच जण पैसे खर्च करतात. तो बहिऱ्या बाजूला लागतो, त्यामुळे फायदा बेताचाच.

डायनॅमिक वाईट असतो असं मुळीच नाही. शुअर एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे आणि मंचावर अजूनही तोच दिसतो, ते उगीच नाही. खिडकीखाली रहदारी असेल, पंखा बंद करता येत नसेल, किंवा तुम्ही माइक हातात धरून मोकळेपणी गाणाऱ्यांपैकी असाल, तर तोच घ्या. पण मग स्टिरिओचा बेत निघाला. दूर ठेवलेल्या डायनॅमिकमधून इतका कमी विद्युतदाब निघतो, की तो वर खेचताना इंटरफेसची सगळी खरखर सोबत येते. एसएम ५८ एका पास्कल दाबाला १.८५ मिलिव्होल्ट देतो. ऑडिओ टेक्निका एटी २०२० हा साधा कंडेन्सर त्याच दाबाला १४.१ देतो. हा फरक जवळपास १८ डेसिबलचा आहे. पॉडकास्टवाल्यांच्या टेबलावर दिसणारा एसएम ७बी तर याहूनही मंद, १.१२ मिलिव्होल्ट. त्याला किमान ६० डेसिबल गेन लागतो, म्हणजे आवाज तेवढा वर खेचावा लागतो. स्वस्त इंटरफेसचा गेन तिथवर पोचेपर्यंत धापा टाकतो, मग लोक वेगळा बूस्टर घेतात आणि बजेट कोलमडतं.

खरखरीचा विषय निघालाच आहे, तर तांत्रिक माहितीपत्रकातला एकच आकडा वाचायला शिका: सेल्फ नॉइज, म्हणजे माइकची स्वतःची खरखर. रोड एनटी १ चा आवृत्तीनुसार ४ ते ४.५ डेसिबल, एनटी ५ चा १६, एम ५ चा १९, एटी २०२० चा २०. जितका कमी तितका माइक शांत. हे वाचून कुणालाही वाटेल की शांत माइक गळ्यासाठी घ्यावा. माझं मत नेमकं उलट आहे. वीतभर अंतरावरून गाणाऱ्या गळ्यापुढे २० डेसिबलची खरखर कुठल्या कुठे बुडून जाते. त्याआधी तुमच्या खोलीतला फ्रिज आणि बाहेरचा रस्ता ऐकू येईल. शांतपणा लागतो तो माइक दूर असताना. १५ सेंटिमीटरवरून दीड मीटरवर गेलात, म्हणजे अंतर दहापट झालं, की थेट आवाज २० डेसिबलने खाली येतो. वृंद हळू आवाजात गात असेल आणि हॉल शांत असेल, तर खरखर तिथे डोकं वर काढते. तेव्हा दोन पेन्सिल माइकांच्या जोड्यांमध्ये निवडायची वेळ आली, तर हा आकडा कमी असलेली जोडी घ्या. १६ पेक्षा कमी मिळाला तर उत्तम. २० च्या पलीकडे असेल तर ती जोडी ढोल-ताशांसाठी ठेवून द्या.

यूएसबीच्या दोन माइकांचं थोडक्यात. प्रत्येक यूएसबी माइकच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. रेकॉर्डिंग जितकं लांबेल तितका डावा आणि उजवा आवाज एकमेकांपासून सरकत जातो. स्टिरिओचा सगळा खेळ एका मिलिसेकंदाच्याही आतल्या फरकांवर चालतो. सल्ला देणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

गळ्यासाठी पेन्सिल माइक वापरताना एक अडचण नक्की येईल, ती आताच सांगते. त्याच्या कॅप्सूलवर जाळीचा घुमट नसतो, त्यामुळे प, फ, ब, भ म्हणताना सुटणारी हवा थेट पडद्यावर आदळते आणि धप्प असा आवाज येतो. सोबत मिळणारी फोमची टोपी याला पुरत नाही. पॉप फिल्टर माइकच्या पुढे चार बोटं ठेवा. माइक नाकाच्या उंचीवर न्या आणि थोडा खाली, ओठांकडे वळवा, म्हणजे हवेचा झोत त्याच्या खालून निघून जाईल. मग "फुलपाखरू भुर्रकन पळालं" हे नेहमीच्या जोराने म्हणून पाहा. त्यानंतर "शशीच्या छत्रीचं चक्कर" किंवा असंच काही श-च-छवालं. पहिल्या वाक्यात धप्प आलं तर माइक अजून वर. दुसऱ्यात शिट्टी आली तर माइक वीस-तीस अंश कडेला फिरवा. समोरची धार कमी होते, गळा तसाच राहतो. बऱ्याच स्वस्त कंडेन्सरांची वरची पट्टी मुद्दाम उचललेली असते. पहिल्यांदा ऐकताना आवाज चकचकीत वाटतो, तिसऱ्या गाण्याला कान दुखतात. तुमचा गळा मुळातच धारदार असेल तर माहितीपत्रकातल्या आलेखात ५ ते १० किलोहर्ट्झच्या दरम्यान डोंगर असलेला माइक टाळाच.

आणि हो, एकट्या गळ्याला स्टिरिओ लागत नाही. एक माइक, एक ट्रॅक. दोन माइक समोर ठेवून गायलात तर डोकं जरा हललं की आवाज डावीकडे-उजवीकडे डुलतो. मैत्रीण सोबत वाजवत असेल तर एक माइक तुम्हाला, एक गिटारला. दोन माइकांमधलं अंतर माइक आणि तोंड यांतल्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा आणि प्रत्येकाची बहिरी पाठ दुसरीकडे करा. गिटारचा माइक भोकासमोर नको, तिथे नुसता घुमारा मिळतो. गिटारच्या दांड्यावरची बारावी आडवी पट्टी (फ्रेट) जिथे येते, तिथे साधारण एक फुटावर धरून पुढेमागे करा.

आता वृंद. स्टिरिओच्या मांडण्या पुष्कळ आहेत. ब्रिटनच्या ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन माइकांची कल्पना आहे आणि ती आजही वापरात आहे. पण तिला पुढूनमागून ऐकणारे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा नमुना असलेले माइक लागतात. मिड-साइड (एक माइक समोर, एक आडवा) या मांडणीलाही तसा एक लागतो. ते तुमच्याकडे नसणार. दोन कार्डिऑइडांनी तुम्हाला दोन गोष्टी सहज जमतील: एक्स-वाय, ज्यात दोन्ही कॅप्सूल एकावर एक आणून ९० अंशांत वळवतात, आणि फ्रेंच नभोवाणीत रूढ झालेली ओआरटीएफ, ज्यात कॅप्सूल एकमेकांपासून १७ सेंटिमीटर आणि कोन ११० अंश.

वृंदासाठी ओआरटीएफ घ्या. कारण असं. दोन स्पीकरांमधली पूर्ण रुंदी भरायला एक्स-वायला समोर जवळजवळ अर्धं वर्तुळ भरून माणसं लागतात. आठ जण तेवढे पसरत नाहीत, मग रेकॉर्डिंगमध्ये सगळे मध्यावर गोळा झाल्यासारखे वाटतात आणि लोक माइकला नावं ठेवतात. ओआरटीएफला सुमारे ९५ ते १०० अंश पुरतात. आठ जणांना माइकपासून दोन मीटर त्रिज्येच्या कमानीत उभं करा, दोन टोकांच्या गायकांमध्ये तीन मीटर ठेवा, की कोन साधारण ९७ अंश भरतो. सगळे माइकपासून सारख्याच अंतरावर आल्याने टोकाचे आवाज दबतही नाहीत. एका सरळ रांगेत उभे केलेत तर टोकाचे गायक मधल्यांपेक्षा लांब पडतात. अंतर मोजायला टेप नसेल तर दोरी चालेल.

माइक बसवायला पुठ्ठ्याचा एक साचा कापून ठेवा. पुठ्ठ्यावर १७ सेंटिमीटरची रेघ मारा. तिच्या एका टोकावर कोनमापक ठेवा. समोरची दिशा ९० वर येईल. तिथून बाहेरच्या अंगाला ५५ अंश मोजा, म्हणजे रेघेपासून ३५ अंशांवर खूण येईल. दुसऱ्या टोकाला तेच उलट बाजूने. साचा पट्टीच्या वर धरून कॅप्सूलची टोकं रेघेच्या टोकांवर आणि माइक खुणांच्या दिशेने, असं जुळवा. माइकची लांबी दहा-अकरा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मागची शेपटं एकमेकांना अडतील. ती एकावर एक ओलांडून जाऊ द्या. त्यासाठी एक माइक बोटभर वर गेला तरी चालतं, कॅप्सूलमधलं अंतर मात्र सोडू नका. स्टँड डोक्याच्या जरा वर, माइक किंचित खाली झुकवलेले. एक तालमीतलं कडवं रेकॉर्ड करा, हेडफोन लावून ऐका. हॉल फार आला तर पुढे सरका, माणसं सुटी-सुटी ऐकू आली तर मागे. दोन्ही चॅनेलचा गेन सारखा ठेवा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाला पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताय, वर ढकलायची घाई नको.

फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणारे पुष्कळ असतात, म्हणून शेवटी दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनो करूनही ऐका. ओआरटीएफमध्ये दोन माइकांत वेळेचा थोडा फरक असतो, त्यामुळे मोनोत आवाज किंचित पोकळ होतो. माझ्या कानाला तो चालण्यासारखा असतो. अगदीच खटकला तर त्या दिवसापुरतं एक्स-वाय करा. तिथे वेळेचा फरकच नाही.

मॅच्ड पेअरबद्दल. जोडी म्हणून विकली जाणारी घेतलीत तर डोकेदुखी कमी, पण त्या शिक्क्यासाठी वेगळे पैसे मागत असतील तर आधी स्वतः तपासा. दोन्ही माइकांच्या कॅप्सूल एकमेकींना जवळजवळ चिकटवून एकाच दिशेला धरा. अर्ध्या मीटरवरून एकसारखं बोलत राहा किंवा स्पीकरवर काहीतरी वाजवा. दोन्ही ट्रॅक मध्यावर आणा आणि एकाची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची वर-खाली दिशा, उलटवा. सॉफ्टवेअरमध्ये त्या बटणावर आडवी रेघ मारलेलं वर्तुळ असतं. आता एका चॅनेलचा गेन केसाकेसाने हलवत जा. एका जागी आवाज एकदम खचेल. दोन्ही माइक जुळे असतील तर मागे नुसती पातळ, फुसफुसती किनार उरते. खर्ज किंवा मधला आवाज ठळक उरला तर जोडी जुळत नाही, तिच्यात स्टिरिओ करताना मधला गायक एका बाजूला कलंडलेला वाटेल. आवाज खचण्याऐवजी फुगला तर बहुधा एखादी केबल उलट जोडलेली आहे. याच चाचणीत दोन्ही गेन कुठे सारखे होतात तेही कळतं. तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

हातात मावणारा रेकॉर्डर? तुमचं काम फक्त वृंदापुरतं असतं तर मीच सुचवला असता. झूम एच १एन सारख्या यंत्रात एक्स-वायचे माइक बसवलेलेच असतात, केबल नाही, फँटम नाही, खिशातून काढा आणि सुरू करा. पण त्यांचा कोन आणि अंतर बदलता येत नाही, वर सांगितलेला मध्यावर गोळा होण्याचा दोष तिथे येतोच, आणि गळ्यासाठी म्हणून तो पेन्सिल माइकपेक्षा उजवा नाही. दोन्ही कामं हवी असतील तर तो दुसऱ्या फेरीची खरेदी.

पैसे आत्ता एकाच माइकपुरते निघत असतील, तरी इंटरफेस दोन इनपुटांचाच घ्या. एक इनपुटवाला विकून दोनवाला घेताना तोटा होतो. माइक एक घ्या, त्याचं मॉडेल लिहून ठेवा, सध्या गाणी करा. दुसरा घ्यायला जाल तेव्हा पहिला माइक, इंटरफेस, कॉम्प्युटर आणि हेडफोन सोबत न्या, आणि पोलॅरिटी उलटवायची चाचणी पैसे देण्याआधी करा.